भिजत घोंगडं

ज्वारी पोटऱ्यात आली, की माझ्या पोटात गोळा येतो. आता खरं तर ज्वारीशी माझा संबंध भाकरीपुरता उरलाय. शाळेतून निवृत्त झाले, परभणीत राहते, सकाळी विद्यापीठाच्या रस्त्यानं फिरायला जाते. तिथल्या रानातली ज्वारी कमरेच्या वर गेली, कणीस पानांतून बाहेर पडायच्या बेतात आलं, कान गार पडायला लागले, की माझे पाय रेंगाळतात. बरोबरच्या बायकांना हुरड्याचे बेत सुचतात. शेत कुणाचं, गाडी कुणाची, दही कुणी आणायचं. मी शालीतून हात बाहेर काढते आणि कडेच्या धाटाचं एक पान चिमटीत धरून बघते, ओलं आहे का. ओलं असलं तरी भीती वाटते, कोरडं असलं तरी वाटते.

"काय बघायलाव हो बाई?" परवा एकीनं विचारलंच.

"काही नाही, दव किती पडलंय ते," मी म्हणाले आणि हात आत घेतला.

आमचे यजमान होते तेव्हा म्हणायचे, हिला भ्यायला कारण लागत नाही, सवड लागते. खोटं नव्हतं ते. पाल, वीज, रजिस्टर पोस्ट, शाळेतले तपासणी अधिकारी, सगळ्यांना मी सारख्याच भक्तिभावानं भ्याले. पण ती भीती जन्मजात. दवाची भीती तशी नाही, ती मला एका हिवाळ्यात लागली. यंदा ती जरा जास्तच जागी झाली, कारण लेकीचा फोन आला. तिच्यापुढं दोन वाटा आहेत, कोणत्या ते तिचं तिला. ती म्हणाली, "आई, रोज प्रार्थना करतेय, पण उत्तर मिळत नाही. तू प्रार्थना कर आणि सांग ना, देवाची इच्छा काय आहे." मी म्हटलं, "अगं, मी काय त्याच्या कचेरीत कारकून आहे?" ती हसली. फोन ठेवला तेव्हा माझा तळवा घामानं ओला झाला होता.

आमचं गाव देवगाव फाट्यापासून आत, बैलगाडीच्या वाटेनं. गावात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. आजोबांनी निजामाच्या राज्यात बाप्तिस्मा घेतला होता. मायचं लग्न झालं आणि त्यानंतर तिचं माहेर छप्पन साली बौद्ध झालं. त्यामुळे आमच्या नात्यात 'सलाम' आणि 'जयभीम' एकाच ओट्यावर बसून चहा प्यायचे. माझे बाबा प्रचारक. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत, बाकी सगळी उपासना बाबांच्या गळ्यात. सायकलवर गावोगाव जायचे, गाणी म्हणायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, आणि उरलेल्या वेळात आमचं चिंचोळं काळं रान कसायचे. दुसऱ्याला धीर देण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. स्वतःसाठी मात्र त्यांच्याकडे धीराचा कण शिल्लक नसे.

त्याला कारण एक शब्द होता, असं मला आता वाटतं. आमच्या घरी 'देवाची इच्छा' असं कुणी म्हणत नसे, 'देवाची मर्जी' म्हणत. आजोबा तरुणपणी जहागीरदाराच्या देवडीवर राबलेले. सरकार आज कसे आहेत, हे आतून बाहेर येणाऱ्या हुजऱ्याच्या तोंडावरून ओळखायचं. तोंड बरं दिसलं तर अर्ज करायचा, नाही तर जोडे हातात घेऊन परत फिरायचं. मर्जी सांभाळायची असते, मर्जीतून माणूस उतरतो, मर्जी खफा झाली की घर उठतं. आजोबांनी देव बदलला, शब्द तोच ठेवला. नगरकडून आलेल्या पाळकसाहेबांनी बाबांना एकदा हटकलं होतं, "अहो, मर्जी नव्हे, इच्छा म्हणा." बाबांनी मान डोलवली. तेव्हापासून ते उपासनेत 'इच्छा' म्हणायचे आणि घरी येऊन चपला काढता काढता पुन्हा 'मर्जी'. मी त्या शब्दावरच वाढले. देव म्हटलं की मला एक बंद दार दिसायचं आणि दाराबाहेर जोडे हातात घेतलेले आम्ही सगळे.

मर्जी ओळखायची बाबांची एक रीत होती. डोळे मिटून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते उत्तर. गावातले लोक देवाला कौल लावायचे, तेव्हा बाबा त्यांना म्हणायचे, "दगडाला काय इचारताव?" आणि घरी येऊन बोट ठेवायचे. यातली गंमत मायच्या लक्षात आली होती, पण ती नुसती ओठ मुडपून चुलीत फुंकायची.

माझ्या आधी शमुवेल होता, माझा थोरला भाऊ. मला तो अंधुक आठवतो, त्याच्या गळ्यातला काळा गोफ तेवढा स्पष्ट. त्याला ताप आला, उतरेना. गावातला वैदू म्हणाला, हलवू नका, पडू द्या. बाबांनी बोट ठेवलं. त्या ओळीत कुणीतरी कुणाला तरी निघायला सांगितलेलं होतं. बाबा निघाले. भर उन्हाळ्यात, गाडीत पाचट टाकून, लेकराला घेऊन फाट्यावर आले. मोटार वेळेवर आली नाही. तिथल्या लिंबाखाली मायच्या मांडीवर शमुवेल गेला. हलवला नसता तर जगला असता का, हे कुणालाच सांगता आलं नसतं. बाबांनी बोट ठेवायचं सोडलं. देवाला विचारायचं मात्र सोडलं नाही. उलट त्यांना आता अधिक पक्कं, कुणीही नाकारू शकणार नाही असं उत्तर पाहिजे झालं.

आणि मग तो हिवाळा आला. मायच्या पोटात गाठ होती. आधी तिनं ती पदराखाली लपवली, मग चालताना कळायला लागली. परभणीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा थैली धरायला मी बरोबर होते. डॉक्टर शांत आवाजात बोलले. गाठ मोठी आहे, ऑपरेशन करून काढावी लागेल. अंगात रक्त कमी आहे, धोका आहे. नाही काढली तर मात्र फार दिवस निघायचे नाहीत. नवऱ्यानं सही केली की करू.

"प्रार्थना करून सांगतो," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. "करा. पण लवकर सांगा."

माय खाटेवर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. मीसुद्धा नाही, कारण मला तिच्या पोटाकडे बघायची भीती वाटत होती.

तो हिवाळा आणीबाणीतला. 'आपरेशन' हा शब्द त्या दिवसांत आमच्याकडे नुसता कानावर आला तरी घरं चिडीचूप व्हायची. फाट्यावर नसबंदीची सरकारी गाडी आली, अशी कुणी हूल उठवली की बाप्ये हातातलं काम टाकून ज्वारीत पळायचे. ज्वारी पुरुषभर उंच, तिच्यात अख्खं गाव मावायचं. मग बायका बांधावर उभ्या राहून हाका मारायच्या, "या रे बाहेर, कुनी न्हाई!" आणि आतून बराच वेळ पानंसुद्धा हलायची नाहीत. अशा दिवसांत माय आपरेशनला जाणार, ही बातमी पसरली. शेजारची बाई मला विहिरीवर म्हणाली, "लेकरं बंद करायलेत का ग तुझ्या मायचे? आता या वयात?" मला हसू आलं नाही. घागर तशीच अर्धी घेऊन मी घरी आले.

त्या दिवसांचा वास मला अजून येतो. ओल्या धाटांचा, तुरीच्या उकडलेल्या शेंगांचा, आणि मायच्या कपाळाला लावलेल्या सुंठेचा. माय काम करायचीच, पण मध्येच दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची आणि तिचा श्वास मोठ्यानं ऐकू यायचा. दुपारी ती आडवी झाली की मी हळूच तिच्या नाकापुढं हात धरायची. गरम वारा लागला की बाहेर येऊन शेळीला पाला टाकायची, पुन्हा आत जायची, पुन्हा हात धरायची. शाळा मी सोडूनच दिली होती. मला वाटायचं, मी लक्ष ठेवलं नाही तर ती जाईल. आणि बाबा अंगणात येरझारा घालत पुटपुटायचे, "मर्जी काय हाय, प्रभू? मर्जी काय हाय?"

घोंगडीचं त्यांना तेव्हाच सुचलं. शास्त्रात एका भित्र्या माणसाची गोष्ट आहे. लढाईवर जाण्याआधी त्यानं खळ्यात लोकर ठेवली आणि देवाला म्हणाला, सकाळी लोकर दवानं भिजलेली आणि भोवतीची भुई कोरडी असली, तर मी समजेन तुझी साथ आहे. बाबा ही गोष्ट उपासनेत फार रंगवून सांगत. आमच्याकडे नुसती लोकर कुठली? धनगराला ज्वारी देऊन घेतलेली काळी घोंगडी होती, तीच. सांज झाली की बाबा ती अंगणापलीकडे, रानाच्या कडेला भुईवर अंथरायचे. घोंगडी ओली, भुई कोरडी, तर आपरेशन.

"आन् पांघरायला काय घ्यायचं?" मायनं विचारलं.

"इस्वास," बाबा म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

पण काळ्या रानातलं दव! ते काय निवडून पडतं? सकाळी बघावं तर घोंगडी ओली, भुई ओली, ज्वारीची पानं ओली, शेळीची पाठ ओली. रब्बीची ज्वारी आमच्याकडे त्या दवावरच तर पोसते. बाबा घोंगडीभोवती फिरायचे, वाकून भुईला हात लावायचे, मातीचं बोट कपाळाकडे नेता नेता थांबायचे. "उत्तर न्हाई आलं." मग त्यांनी घोंगडी चिंचेखाली अंथरून बघितली. तिथं सगळंच कोरडं. एकदा तर मोत्या कुत्रा येऊन तिच्यावर निजला. त्याच्या अंगाखालचा भाग कोरडा, बाकी सगळी ओली. बाबा त्या कुत्र्याएवढ्या कोरड्या जागेकडे इतका वेळ बघत उभे राहिले, की मला धडकी भरली. तिच्यातूनही काही अर्थ निघतो का, ते बघत असणार. आणि रोज माय थोडी अधिक पिवळी दिसत होती.

अशातच मामा आला. मायचा धाकटा भाऊ, येलदरीला धरणावर मजुरीला होता. येताना पळसाच्या पानात मासे घेऊन आला. अंगणापलीकडे अंथरलेली घोंगडी बघून त्यानं विचारलं, मी सगळं सांगितलं. तो बाबांकडे वळून अगदी भोळ्या चेहऱ्यानं म्हणाला, "दाजी, भिजत घोंगडं म्हन्तेत ते ह्येच का?"

माय हसली. कितीतरी दिवसांनी हसली, पोट दाबून धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि शेवटी दुखायला लागलं तेव्हा कण्हत कण्हत हसली. बाबांचा चेहरा उतरला. एखादं काम वर्षानुवर्षं लोंबकळत पडलं की गावात म्हणतात तेच त्यांनी खरोखर अंथरलं होतं, आणि हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मामाही मग हसायचा थांबला. "मी कुन्या देवाला इचारत न्हाई, दाजी. तुमचं तुमी इचारा, मी कोन बोलनार? फकस्त उत्तर यायच्या आधी अक्का जाऊ नये, तेवढं बघा." मासे मायजवळ ठेवून तो मोटारीच्या वेळेला निघून गेला.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. सांज झाली तेव्हा त्यांनी घोंगडी पुन्हा अंथरली. मला वाटलं, आता हे असंच चालणार, आणि एका सकाळी मी मायच्या नाकापुढं हात धरेन आणि हाताला काही लागणार नाही.

सकाळी जाग आली ती बाबांच्या हाकेनं. "इस्तर! ए इस्तर! बाहीर ये!" माझं नाव एस्तेर, पण आमच्याकडे त्याचं इस्तर होतं. मी धावले. वारा सुटलेला, दव पडलंच नव्हतं. भुई ठणठणीत कोरडी, ज्वारीची पानं कोरडी. बाबांनी घोंगडी दोन्ही हातांनी उचलून पिळली आणि तिच्यातून पाण्याची धार लागली. ते तिथंच गुडघ्यावर बसले. "हो म्हन्ला! बघ, इस्तर, हो म्हन्ला!" ते रडत होते. मला आनंद झाला नाही. मला भीती वाटली, आजवर कधी वाटली नव्हती अशी. रोज मी शेळी बांधते त्या जागेशी देव खरंच येऊन गेला होता, आणि आम्ही सगळे आत निजलो होतो. मी शेळीच्या दाव्याला घट्ट धरून उभी राहिले.

माय दारात आली. चौकटीला टेकली. म्हणाली, "ते पानी मी टाकलं."

बाबांना ऐकूच गेलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. "पहाटं उठले. रांजनातलं पानी घेतलं, तांब्या तांब्यानं घोंगडीवर वतलं. भुईवर सांडू दिलं न्हाई."

"कामून?"

"मला जगायचं हाय म्हनून."

बाबा तसेच गुडघ्यावर. घोंगडी त्यांच्या मांडीवर, धोतर भिजलेलं. ते म्हणाले, "मंग सांगितलं कामून? गप ऱ्हायची. मी आजच घिऊन गेलो असतो तुला."

"तेच तर," माय म्हणाली. "घिऊन गेला असता. आन् तिथं मी मेले असते, तर तुमी म्हन्ला असता, देवानं हो म्हनून मारली. एका लेकरापायी तुमी बोट ठिवायचं सोडलं. माझ्यापायी देव सोडताल. त्याच्याबिगर तुमाला जगता येतंय का? तवा आधीच सांगते. हे पानी माझं हाय, देवाच्या नावावर लावू नका."

"तू देवाला फसवलंस."

"देवाला कुठं? मी पानी वतताना तो बघतच व्हता की. तुमाला फसवायले व्हते, ते बी जमलं न्हाई." ती दम घ्यायला थांबली. "एक इचारू? तुमाला भेव कुनाचं वाटायलंय, देवाचं का दवाखान्याचं? का तिथं गेल्यावर तुमालाच धरून आपरेशन करतेल म्हनून?"

बाबांचे कान लाल झाले, तेवढं मी बघितलं.

"आन् मला कुनी इचारलं का?" माय म्हणाली. "देवाला इचारलं, घोंगडीला इचारलं, मोत्यानं सुदिक काय ते सांगून टाकलं. पोट माझं. मला कुनी इचारलं?"

बाबा उठले आणि सरळ ज्वारीत शिरले. नसबंदीच्या गाडीला भिऊन लोक शिरत तसे, मागं न बघता.

मायनं केलं ते बरोबर की चूक, हे मी आयुष्यभर उलटून पालटून बघत आलेय. खोटी खूण केली, हे खरं. पण ती खूण पटली, नवरा तयार झाला, तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं ती मोडून टाकली. जगायची एकुलती एक संधी हातात आली होती, आणि नवऱ्याचा देव त्याच्यापाशी राहावा म्हणून तिनं ती टांगणीला लावली. मी शाळेत मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवलं, उपासनेत विश्वासाची प्रवचनं ऐकली. पण खरेपणा आणि विश्वास हे दोन्ही एकाच वेळी मी फक्त तिथं बघितले, चौकटीला टेकून उभे असलेले. तेव्हा मात्र मला तिचा राग आला होता. कशाला बोलली? गप राहिली असती तर आत्ता गाडी जुंपली असती.

लेकीला मी अखेर फोन केला. म्हटलं, "तू देवाला त्याची इच्छा विचारलीस, बरं केलंस. तुझी त्याला सांगितलीस का?" ती म्हणाली, "त्याला माहीतच असेल ना, आई." मी म्हटलं, "त्याला असेल. तुला आहे का?" पुढं मला तरी काय ठाऊक होतं? तिनं चुकीची वाट धरली तर, हा किडा माझ्या डोक्यात तेव्हाही वळवळत होताच. कुणाला सल्ला दिला की मला रात्रभर झोप लागत नाही.

बाबा ज्वारीत गेले ते दुपार कलली तरी आले नाहीत. मी बांधावरून हाका मारल्या. वाऱ्यानं पानं एकमेकांवर घासत होती, आणि प्रत्येक आवाज पावलांसारखा वाटत होता. आत जाऊन शोधायची माझी हिंमत झाली नाही. एकीकडे घरात माय, दुसरीकडे रानात बाबा, आणि मी मध्ये बांधावर. दोघांपैकी कुणाकडे पाठ करावी, हेच कळत नव्हतं.

ते आले तेव्हा पानांनी त्यांच्या हातांवर बारीक ओरखडे उठले होते. म्हणाले, "उद्या जायचं."

"देव काय म्हणाला?" मी विचारलं.

"कायी न्हाई," बाबा म्हणाले आणि रांजणाशी जाऊन पाणी प्यायले.

आजवर त्यांना कधी इतकं घाबरलेलं मी बघितलं नव्हतं. उत्तराची वाट बघताना माणूस घाबरतो, पण त्याला निदान वाट बघण्याचा आसरा असतो. बाबांनी तोही सोडला होता. दुसऱ्या दिवशी मोटारीनं सेलूला आलो, तिथून छोट्या रुळांच्या गाडीनं परभणीला. सगळ्या वाटेत त्यांचा हात मायच्या थैलीवर होता. गाडी स्टेशनात उभी असतानाही त्यांनी तो उचलला नाही.

दवाखान्यात बाबांनी सही केली. माय परिचारिकेला म्हणाली, "बाई, माझा बी आंगठा घ्या."

"तुमचा लागत नाही, मावशी."

"लागत नसंल. घ्या तरी."

बाईंनी हसून शाईची डबी पुढं केली. मायनं कोपऱ्यात आंगठा उठवला, पदराला पुसला आणि आत गेली. दार लोटलं गेलं.

बाहेरच्या बाकावर मी आणि बाबा. ते म्हणाले, "चल, प्रार्थना करू." रोजची, सगळ्या ख्रिस्ती घरांत लहान पोरांनासुद्धा पाठ असलेली प्रार्थना. आम्ही दोघं बरोबर म्हणू लागलो. बापाचं नाव, त्याचं राज्य, आणि मग ती जागा आली, जिथं 'तुझी इच्छा' म्हणायचं असतं. बाबा थांबले. मीही थांबले. आमच्या घरात 'तुझी इच्छा' हे शब्द माणूस फक्त हात टेकल्यावर म्हणायचा. मी हट्ट केला की माय म्हणायची, कर बाई, तुझी इच्छा. बाबांनी बी-बियाण्यात काही वेडेपणा केला की ती म्हणायची, घ्या, तुमची इच्छा. म्हणजे मी आता यातून अंग काढलं. त्या बंद दारापुढं हे दोन शब्द उच्चारणं म्हणजे मायवरचा आमचा हात काढून घेणं, असं मला वाटलं. बाबांकडे बघितलं तर त्यांचे ओठ नुसते हलत होते. वर्षानुवर्षं शेकडो लोकांपुढं म्हटलेली ओळ त्यांच्या तोंडून निघत नव्हती.

मग ते मोठ्यानं म्हणाले, "मला ती पायजे."

बाकावरच्या लोकांनी वळून बघितलं. बाबांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. देवाशी ते आजवर कधी असं बोलले नव्हते. नेहमी अर्जदाराच्या सुरात, वाकून, आधी त्याचं काय म्हणणं आहे ते विचारून. "मला ती पायजे," ते पुन्हा म्हणाले, "तुझं काय ते तू बघ, पन मला ती पायजे." आणि उपरण्यात तोंड खुपसून बसले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. छत कोसळेल, डॉक्टर मान हलवत बाहेर येतील, आमचं बोलणं ऐकून कुणीतरी रागावेल. मी डोळे गच्च मिटून घेतले. काही झालं नाही. एक बाई पाण्याची बादली घेऊन समोरून गेली.

डॉक्टर आले तेव्हा उन्हं पार उतरली होती. गाठ निघाली, म्हणाले. रक्त बरंच गेलंय, आज काही सांगता येत नाही, उद्या बघू. त्या उद्यापर्यंतचं मला काही आठवत नाही. बाकाच्या फळीचा गारवा तेवढा आठवतो.

सकाळी आम्हाला आत सोडलं. माय अगदी लहान दिसत होती, डोळे मिटलेले. मी सवयीनं तिच्या नाकापुढं हात धरला. तिनं डोळे उघडले आणि माझा हात बाजूला सारला. बाबा खाटेपाशी उभे होते. त्यांना बरंच काही बोलायचं असावं, उपासनेत बोलत तसं, आभाराचं, क्षमेचं. पण ते नुसते वाकले आणि विचारलं, "तुला काय पायजे?"

मायनं त्यांच्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि हा प्रश्न तिच्यासाठी नवाच होता. ती छताकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही, किंवा ग्लानी आली. मग ती हळूच म्हणाली, "इचार करून सांगते."

बाबा खाटेच्या पायथ्याशी भुईवर बसले आणि वाट बघू लागले.